गाळावर उगवलेले ओले कुरण : नांदूर मध्यमेश्वर

नाशिक शहराच्या पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे आणि त्याच्या फुगवट्यात, म्हणजे बांधामुळे पात्रात मागे तुंबून पसरलेल्या पाण्यात, पाणपक्ष्यांचे एक विख्यात अभयारण्य वसले आहे. या परिसराचा उल्लेख बहुधा जलाशय म्हणून केला जातो आणि तो चुकीचाही नाही. मात्र येथील वनस्पती व प्राणी यांचा मोठा भाग खोल पाण्यावरही जगत नाही आणि कोरड्या रानावरही जगत नाही. त्यांचा संसार चालतो तो या दोहोंमधल्या पट्ट्यावर, जो पावसाळ्यात बुडतो, हिवाळ्यात गुडघाभर पाण्यात उभा असतो आणि उन्हाळ्यात गवताने हिरवा होतो. अशा भूभागाला ओले कुरण म्हणता येईल. उत्तर अमेरिकेतील आयोवा, इलिनॉय या राज्यांत अशी कुरणे एकेकाळी फार विस्तीर्ण होती, परंतु एकोणिसाव्या शतकात जमिनीखाली मातीच्या नळ्या घालून त्यांतील पाणी काढून देण्यात आले आणि तेथे मक्याची शेते उभी राहिली. नांदूर मध्यमेश्वरची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, कारण येथे शेतीसाठी केलेल्या बांधकामातूनच कुरण निर्माण झाले आणि तेही कोणी ठरवलेले नसताना.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने गोदावरीच्या पाण्यावर कालवे काढण्याची योजना हाती घेतली. सह्याद्रीच्या माथ्यावर, इगतपुरीकडे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर घाटमाथ्यापासून पूर्वेकडे सरकत गेल्यावर निफाड, सिन्नर, कोपरगाव या पट्ट्यात तो पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. डोंगरामुळे ढगांचे पाणी एका बाजूलाच पडून दुसरी बाजू कोरडी राहते, तिला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. माथ्यावरचे पाणी या प्रदेशात आणण्यासाठी दारणा नदीवर १९१६ मध्ये पूर्ण झालेले धरण हा साठा आणि नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा हा त्या साठ्यातून नदीवाटे आलेले पाणी अडवून कालव्यांकडे वळवण्याचा टप्पा, अशी ही जोडी होती. बंधाऱ्यापासून गोदावरीचा डावा व उजवा असे दोन कालवे निघतात आणि त्यांच्या पाण्यावर नगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील कोपरगाव व राहाता भागात उसाची शेती आणि पुढे साखर कारखाने उभे राहिले. साठवण हा या बंधाऱ्याचा मूळ हेतूच नव्हता. आजही त्याची साठवणक्षमता २५७ दशलक्ष घनफूट म्हणून नोंदली जाते, तर वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणाची ५६३० दशलक्ष घनफूट आहे. साठा इतका कमी, परंतु पसारा मोठा, याचा अर्थ पाणी उथळ. हा उथळपणा अभियंत्याच्या दृष्टीने दोष असला तरी येथील पक्षिजीवन त्याच्याच आधारावर उभे आहे.

पाणी उथळ होण्याचे दुसरे कारण गाळ. दारणा व गोदावरी डोंगरातून उतरताना काळ्या पाषाणाची झीज आणि उतारावरची माती घेऊन येतात. पुराच्या वेगात हा माल तरंगत राहतो, परंतु बंधाऱ्यामागे पाणी संथ झाले की आधी वाळू, मग बारीक पोयटा आणि शेवटी चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण तळाशी बसतात. शंभर वर्षांहून अधिक काळ हे थर एकावर एक चढत गेले. पात्राच्या कडेला त्यांच्या पायऱ्या तयार झाल्या, मध्ये बेटे उगवली आणि मुख्य धार या बेटांमधून वाट काढू लागली. खाणगाव थडी, चापडगाव, मांजरगाव, कोठुरे या गावांच्या शिवारांना लागून आज जो दलदलीचा व गवताचा प्रदेश दिसतो, तो या गाळाचा आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या अशा सुपीक जमिनीवर जी पिके घेतली जातात त्यांना गाळपेर म्हणतात, आणि गोदाकाठच्या शेतकऱ्याला तिचे मोल पक्षिनिरीक्षकांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

या गाळावरील वनस्पतींची मांडणी पाण्याच्या खोलीप्रमाणे ठरते आणि काठावरून मध्याकडे जाताना ती टप्प्याटप्प्याने बदलत जाते. सर्वांत आत, जेथे पाणी बाराही महिने असते, तेथे हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या पूर्णपणे बुडालेल्या वनस्पती असतात. स्थानिक लोक त्यांना सरसकट शेवाळ म्हणतात, परंतु शेवाळाला मूळ, खोड, पान असे भाग नसतात आणि या वनस्पती तर मुळे, पाने असलेल्या, फुलणाऱ्या आहेत. व्हॅलिस्नेरियाची मादीफुले लांब, मळसुत्री देठावरून पृष्ठभागावर येतात. नरफुले तळाशी देठापासून सुटतात, पाण्यावर तरंगत येतात आणि मादीफुलाला चिकटतात. परागण झाल्यावर देठ पुन्हा वेटोळे घेतो आणि फळ पाण्याखाली ओढले जाते. या पानांच्या जाळीत गोगलगायी, कीटकांच्या अळ्या आणि माशांची पिल्ले वाढतात, म्हणून पक्ष्यांच्या खाद्याची कोठी खऱ्या अर्थाने येथे आहे.

त्याच्या अलीकडे, कमरेइतक्या ते घोट्याइतक्या पाण्यात, पाणकणीस उभे असते. पुरुषभर उंच, तलवारीसारख्या पानांची ही वनस्पती तपकिरी, मखमली कणसामुळे दुरूनही ओळखता येते. तिची मुळे ज्या चिखलात रुतलेली असतात त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, कारण पाण्याने भरलेल्या मातीत हवा शिरत नाही आणि असलेला प्राणवायू जिवाणू लगेच संपवतात; साध्या पिकाचे मूळ अशा मातीत काही दिवसांत कुजते. पाणकणसाच्या पानांत व खोडात मात्र हवेच्या लांबट पोकळ्या असलेले ऊतक असते. पान आडवे कापून पाहिले तर त्यात खिडक्यांसारखे कप्पे दिसतात आणि त्यांतून पानांत शिरलेली हवा थेट मुळांपर्यंत पोहोचते. लव्हाळ्यात हीच सोय थोड्या निराळ्या रीतीने झालेली आहे, तर नाळीची भाजी पोकळ खोडामुळे पाण्यावर तरंगते आणि पाणी खाली गेले की त्याच खोडाच्या प्रत्येक पेरातून मुळे फोडून चिखलात घट्ट बसते.

काठाची हराळी आणि इतर ओल्या जागेतली गवते हा या कुरणाचा सर्वांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पाणी उतरताना उघडा पडणारा चिखल काही दिवस निर्जीव दिसतो. नंतर एकाएकी त्यावर हिरवी साय धरते. ही साय ज्या बियांपासून उगवते, ते बी वाऱ्याने त्या आठवड्यात आलेले नसते. गाळाच्या थरांत आधीच्या वर्षांचे बी पडून असते, त्याला बीजसाठा म्हणतात, आणि पाण्याखाली प्राणवायू व प्रकाश मिळत नसल्याने ते झोपल्यागत राहते. पाणी हटून ऊन लागताच ते रुजते. म्हणजे पाणी वर्षभर एकाच पातळीवर भरून ठेवले तर हे गवत उगवणारच नाही, आणि कायमचे काढून टाकले तर त्याची जागा बाभूळ व बेशरम घेतील. कुरण टिकते ते पातळीच्या चढउतारावर. त्याच्याही वर, पूररेषेच्या बाहेर, बाभूळ, करंज, निंब, चिंच, जांभूळ आणि निलगिरीची झाडे आहेत आणि त्यांवर बगळे, पाणकावळे व करकोचे रात्रीचा मुक्काम करतात.

पक्षीही याच पट्ट्यांप्रमाणे वाटले गेलेले दिसतात. उघड्या पाण्यावर वारकरी हा काळा, पांढऱ्या कपाळाचा पक्षी शेकड्यांनी असतो. त्याच्या बोटांना बदकासारखा सलग पडदा नसून प्रत्येक पेराला स्वतंत्र, पानासारखी झालर असते. पाय पुढे नेताना ती मिटते, मागे रेटताना उघडते, आणि चिखलावर चालतानाही अडचण होत नाही. उड्डाणात मात्र हा पक्षी बोजड आहे. पंख फडफडवत, पाण्यावर पावले आपटत लांबवर धावल्याखेरीज त्याला हवेत जाता येत नाही, म्हणून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी कुरणावरून अगदी कमी उंचीने उडत आला की वारकऱ्यांचा सारा थवा उडण्याऐवजी एकमेकांना चिकटून दाट गोळा करतो.

पाणकणसाच्या कडेला जांभळ्या पाणकोंबडीचे राज्य आहे. लाल चोच, लाल कपाळपट्टी आणि निळ्या-जांभळ्या पिसांचा हा पक्षी लांब बोटांनी कणसाचे खोड वाकवतो, बुडाशी तोडतो, एका पायात धरून उचलतो आणि बाहेरच्या पात्या सोलून आतला पांढरा, मऊ गाभा खातो. त्याने सोललेल्या पात्यांचे ढीग पाण्यावर तरंगताना दिसले की कळप जवळपास आहे असे समजावे. कमळपक्ष्याची रीत आणखी वेगळी. त्याची बोटे व नखे शरीराच्या मानाने इतकी लांब असतात की भार मोठ्या क्षेत्रावर विभागून तो तरंगत्या पानांवरून न बुडता चालतो. पावसाळ्यात या पक्ष्याला लांब, धनुष्यासारखे वाकलेले शेपूट फुटते. त्याच्या कुटुंबात मादी आकाराने मोठी असते, ती एकापाठोपाठ अनेक नरांशी जोड्या जुळवते आणि चार-चार अंडी घालून पुढे जाते. अंडी उबवणे व पिल्ले सांभाळणे हे सर्वस्वी नराचे काम. पाणी वाढून घरटे बुडू लागले तर नर अंडी ढकलत दुसऱ्या पानावर नेतो.

हिवाळी पाहुण्यांचा मोसम ऑक्टोबरअखेरीस सुरू होतो. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक हे मध्य आशिया व सायबेरियातून, तर चक्रवाक हे लडाख व तिबेटच्या पठारावरून येतात. त्यांच्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यातील नीचांकाशी स्पर्धा करतो आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमानाची नोंद वर्तमानपत्रांत रोज छापून येते. द्राक्षबागायतदार ज्या थंडीत मणी तडकण्याच्या धास्तीने बागेत शेकोट्या पेटवतात, ती थंडी या बदकांच्या मूळ मुलखाच्या मानाने अगदीच सौम्य असते. थंडीपेक्षाही तेथे गोठलेले पाणी त्यांना हुसकावते, कारण बर्फाखालचे अन्न चोचीला लागत नाही.

थापट्याची चोच हे उथळ पाण्यासाठी घडलेले उत्तम हत्यार आहे. तिचे टोक फावड्यासारखे रुंद असून कडांना आतून बारीक, दाट दातांची झालर असते. पक्षी पाणी तोंडात घेतो, जिभेने बाहेर ढकलतो आणि झालरीत अडकलेले बी व सूक्ष्म कवचधारी जीव गिळतो. अनेक थापटे एकमेकांच्या शेपटीमागे राहून वर्तुळात पोहतात, कारण पुढच्याच्या पायांनी तळाचा गाळ ढवळला जातो आणि मागच्याला ते आयते मिळते. चमचा हा मोठा, पांढरा पक्षी चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो, चिखलात माशाचा स्पर्श झाला की चोच मिटते. मुग्धबलाकाच्या चोचीच्या दोन भागांमध्ये कायमची फट असते आणि तो गोगलगायी कवचातून बाहेर काढण्यात पटाईत असतो. काठावर शेकाट्या लांब गुलाबी पायांवर फिरतो, काळा शराटी ओल्या रानात अळ्या शोधतो आणि संध्याकाळी क्रौंचांचे थवे आसपासच्या शेतांतून पाण्याकडे परततात.

बंधाऱ्याच्या परिसराची नोंद पाणथळींच्या जागतिक यादीत करताना येथे एकूण ५३६ जातींच्या सजीवांची गणना झाली. त्यात चंदनाचे झाड आहे, उसाच्या फडांत दडणारा बिबट्या आहे आणि देवळाली परिसरातील दारणा नदीतून १९३८ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या प्रथम वर्णन झालेला एक चिमुकला मासाही आहे. देवळाली मिनो या नावाने ओळखला जाणारा हा मासा अतिसंकटग्रस्त, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी काठावरचा, मानला जातो. वाहत्या, खडकाळ पाण्यात राहणाऱ्या अशा माशांना बंधाऱ्यांचे संथ पाणी मानवत नाही. पक्ष्यांना जे लाभले त्याची किंमत कोणी मोजली, हा हिशेब पाहुण्यांच्या गर्दीत सहसा मांडला जात नाही.

संरक्षणाचा इतिहास तसा अलीकडचा आहे. ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे पक्षिमित्रांत सांगितले जाते. १९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०१९ मध्ये नोंद झालेले रामसर क्षेत्र मात्र १४३७ हेक्टरांचे, म्हणजे जेमतेम साडेचौदा चौरस किलोमीटर आहे. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या कराराने पाणथळींची ही यादी सुरू झाली आणि तिच्यात दाखल होणारी महाराष्ट्रातील ही पहिली जागा होय. लोणार सरोवर तिच्यानंतर आले. दोन आकड्यांतील तफावत पुष्कळ काही सांगून जाते. अभयारण्याच्या हद्दीतले बहुतेक क्षेत्र हे गावे, मळे, द्राक्षबागा आणि ऊस यांचे आहे आणि पाणथळ त्यातला गाभा आहे.

या गाभ्याचा खरा व्यवस्थापक वनखात्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, जलसंपदा विभाग आहे. दारणा, गंगापूर आणि अन्य धरणांतून रब्बीचे व उन्हाळ्याचे पाणी नदीत सोडले जाते, ते बंधाऱ्यात येते आणि तेथून कालव्यांत जाते. ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या या पाण्याला आवर्तन म्हणतात. आवर्तनाच्या काळात पातळी चढते, ते संपल्यावर उतरते, आणि बदकांचे भाग्य या वेळापत्रकाशी बांधले जाते. एखाद्या हिवाळ्यात आवर्तन लांबले किंवा अकस्मात पाणी उपसले गेले, तर एका रात्रीत चिखलाची कड शंभर पावले सरकते.

येथे भरतपूरची तुलना खरोखरच उपयोगी पडते, पण ती कौतुकापुरती नव्हे. राजस्थानातील भरतपूरची, म्हणजे केवलादेवची, पाणथळही मानवनिर्मित आहे, संस्थानी राजवटीत बंधारे घालून तयार केलेली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान होताना तेथील म्हशींची चराई बंद करण्यात आली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात असे दिसून आले की चराई थांबताच पास्पॅलम जातीच्या गवताने उथळ पाणी व्यापले, मोकळे पाणी कमी झाले आणि काही पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. म्हैस ही तेथे उपद्रवी नसून गवत आटोक्यात ठेवणारा घटक होती. नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर आजही म्हशी पाण्यात उतरतात आणि त्यांच्या पाठीवर गायबगळे बसतात. त्यांना सरसकट बाहेर काढावे, असे सुचवणाऱ्यांनी भरतपूरचा अनुभव आधी वाचावा. चराई किती आणि कोणत्या महिन्यात असावी, हा खरा प्रश्न आहे.

गवताहून मोठे संकट पाणवेलीचे. दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आलेली ही जांभळ्या फुलांची जलपर्णी अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. फुगीर देठांतील हवेवर ती तरंगते, जाड गालिचा करते, खाली प्रकाश पोहोचू देत नाही. हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया मरतात आणि कुजणाऱ्या पानांमुळे पाण्यातील प्राणवायू घटतो. हिला खत पुरवणारे नत्र व स्फुरद वरच्या अंगाच्या शहराचे सांडपाणी आणि शेतांतून धुपून येणारी खते यांतून मिळतात. मजूर लावून ती काढली तरी चिखलातले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. त्यामुळे नदीत येणारे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय केवळ उपसण्याचा खर्च हा दरवर्षी नव्याने करण्याचा खर्च ठरतो.

आणि गाळाचा वाद तर थेट लोकांच्या घरात शिरलेला आहे. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूच्या चांदोरी व सायखेडा या गावांत महापुराचे पाणी शिरते आणि गाळाने पात्र उथळ झाल्याने फुगवटा वाढतो, ही ग्रामस्थांची तक्रार जुनी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये बंधाऱ्यावरून दोन लाख क्युसेकपेक्षा अधिक, म्हणजे प्रत्येक सेकंदाला दोन लाखांहून अधिक घनफूट, पाणी खालच्या अंगाच्या जायकवाडी धरणाकडे सोडावे लागले. तेव्हा गाळ काढा आणि दरवाजे वाढवा या मागणीला धार आली. ही मागणी न्याय्य आहे आणि पक्षिप्रेमापायी ती उडवून लावणे योग्य होणार नाही. मात्र गाळ काढणे म्हणजे सरसकट तळ खरवडणे, असा अर्थ घेतला तर कुरणच नाहीसे होईल. पाणी वाहून नेते ती मुख्य धार आहे. तिच्यातला गाळ काढल्यास पूर उतरण्यास मदत होईल. काठावरच्या पायऱ्या व बेटांभोवतीचे थर मात्र पुराच्या प्रवाहात तुलनेने कमी अडथळा करतात आणि बीजसाठा, पाणकणीस, हराळी हे सारे त्यांवरच आहे. उथळ पाण्यात चरणाऱ्या बदकांना शेपूट वर करून मान बुडवल्यावर चोच तळाशी लागली पाहिजे, आणि बहुतेक जातींच्या बाबतीत ती मर्यादा सुमारे तीस सेंटिमीटर असते. त्यामुळे गाळ काढण्याच्या नकाशावर कोणत्या पायऱ्या हात न लावता सोडायच्या, हे पात्राच्या मोजणीबरोबरच आखून घ्यावे लागेल.